हळदीवरचा लाल माग

पुण्याजवळच्या लवळ्याहून पिरंगुट, पौड मागे टाकून मुळशी धरणाच्या अंगाला निघालं, की उन्हाळ्याच्या अखेरीस भातखाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसू लागतात. तो राब. खाली शेण, त्यावर टहाळ्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यात वर मातीची भुकटी. असे थर रचायचे आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं विस्तव लावायचा. भडका उडू द्यायचा नाही, धग सावकाश खाली उतरली पाहिजे. मग त्या भाजलेल्या, राखेनं भरलेल्या तुकड्यात भाताचं बी टाकायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं. लवळ्याच्या टेकडीवर आता विद्यापीठं आहेत, त्यांच्या प्रयोगशाळा आहेत. राब बघायचा तर पश्चिमेकडे सरकावं लागतं.

मृगाची पहिली सर राबावर पडली, की राखेतला खार विरघळून मातीत उतरतो. शेतकऱ्याच्या भाषेत, रोपाला पालाश मिळतो. खताच्या पोत्यावर ‘नत्र, स्फुरद, पालाश’ असं छापलेलं असतं, त्यातला हा तिसरा. पालाश म्हणजे पळसाचं. पळसाची राख आणि तिचा खार ही आपल्याकडची इतकी जुनी वस्तू आहे, की पोटॅशला मराठी नाव द्यायची वेळ आली तेव्हा हे झाडच मदतीला आलं.

या राखेत एक धातू असतो. ताजा कापला तर चांदीसारखा चकाकणारा, सुरीखाली खव्यासारखा दबणारा आणि पाण्यापेक्षा हलका. माणसानं हजारो वर्षं राख चाळली, भिजवली, गाळली, उकळली. त्या काळात त्याला सोनं सापडलं, तांबं सापडलं, लोखंड सापडलं. हा धातू मात्र १८०७ च्या ऑक्टोबरपर्यंत कुणाच्या दृष्टीस पडला नाही. याचं कारण साधं आहे. राखेशी माणसानं जे जे केलं ते पाण्याच्या साथीनं केलं, आणि या धातूचा पाण्याशी छत्तीसचा आकडा. पाणी भेटलं की तो धातू राहतच नाही, पुन्हा खार होऊन बसतो. शाळेत ‘अल्क धातूंची पाण्याशी अभिक्रिया’ म्हणून जे एका ओळीचं समीकरण आपण पाठ केलं, ते खरं तर या धातूच्या लांबलेल्या अज्ञातवासाचं कारण आहे.

आधी राखेचं बघू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार कसा करावा याचा एक अख्खा अध्याय आहे. शस्त्राऐवजी वापरायचं, मांस जाळून काढणारं औषध म्हणून वैद्याला तो हवा असे. ठरावीक झाडं तोडून जाळायची, त्या झाडांत पळसही आहे. राख सहापट पाण्यात किंवा गोमूत्रात कालवायची, फडक्यातून २१ वेळा गाळायची आणि उकळत ठेवायची. इथवर झाला तो सौम्य क्षार. तीक्ष्ण क्षार हवा असेल तर शंख-शिंपले आणि चुनखडीसारखे पदार्थ लाल होईपर्यंत भाजून त्यात टाकायचे आणि तयार माल लोखंडी भांड्यात ठेवायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर पोटॅशियम कार्बोनेटचं कळीच्या चुन्यानं कॉस्टिक पोटॅश केलं. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये हिंदू रसायनाचा इतिहास लिहिला, तेव्हा या कृतीपाशी ते कौतुकानं थांबले. थांबण्यासारखीच ती आहे. क्षार सौम्य कशानं होतो आणि जहाल कशानं, हे त्या वैद्याला नेमकं ठाऊक होतं. त्याच्या लोखंडी भांड्यात हा धातू, म्हणजे पोटॅशियम, भरपूर होता, फक्त तो पाण्यात होता.

सोडियम हे याच धातूचं भावंड, आणि त्याची गोष्टही तशीच. खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेपासून केलेला सज्जीखार, पापडाला लागणारा पापडखार ही सोडियमची घरं. बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या सरोवराचं पाणी उन्हाळ्यात मागे हटलं, की काठावर खाराचे पापुद्रे धरत. गावकऱ्यांनी त्यांची दल्ला, खप्पल, पपडी, भुस्की अशी प्रतवारी लावून ठेवली होती. काच आणि साबण करायला लागणारा माल लोणारच्या डोंगरांत मिळतो, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’तही आहे. म्हणजे मुघल दरबारी माहीत, परटाला माहीत, पापड लाटणाऱ्या बाईला माहीत, पण सगळ्यांना माहीत तो खारच. खाराच्या पोटात काय आहे, हा प्रश्न पडायला एक वेगळंच हत्यार हातात यावं लागलं.

युरोपात १८ व्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न निदान विचारला तरी गेला. लाव्हाझिएनं १७८९ मध्ये मूलद्रव्यांची यादी केली. चुना, मॅग्नेशिया यांना तिच्यात जागा मिळाली. पोटॅश आणि सोडा त्यानं जाणूनबुजून वगळले. हे पदार्थ दिसतात तितके साधे नाहीत, ते कशाकशाचे मिळून बनलेले असावेत, असा त्याला दाट संशय होता. पण ते फोडायचे कसे? विस्तवानं फुटेनात, आम्लानं तर नुसते निवत. मग १८०० मध्ये व्होल्टानं जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे अशी चळत रचून सलग वाहणारी वीज काढली. त्याच वर्षी लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल या दोघांनी त्या विजेच्या तारा पाण्यात बुडवून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू केले. विजेनं पाणी फुटतं, तर आणखी काय काय फुटेल?

हंफ्री डेव्ही हा प्रश्न धरून बसला. इंग्लंडच्या पश्चिम टोकाच्या पेन्झन्स गावचा हा पोरगा, लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याचा मुलगा. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो व्याख्यानं देई आणि ती ऐकायला शहरातल्या प्रतिष्ठितांची रीघ लागे. १८०७ च्या ऑक्टोबरात तो २८ वर्षांचा होता. आपल्याकडे तेव्हा पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव होता आणि मराठ्यांच्या तोफांना लागणाऱ्या दारूत सोरा होता. सोरा म्हणजेही पोटॅशियमचाच एक खार. या धातूचा संसार आपल्याकडे किती ठिकाणी मांडलेला होता, ते लक्षात यावं म्हणून सांगितलं.

डेव्हीजवळ संस्थेच्या मोठ्या बॅटऱ्या होत्या. तांबं आणि जस्ताच्या १२ इंची चौरस २४ पट्ट्या, ६ इंचीच्या १०० आणि ४ इंचीच्या १५०. पहिल्यांदा त्यानं कुणीही केलं असतं तेच केलं. पोटॅश पाण्यात मुरेल तेवढं विरघळवलं आणि त्यात वीज सोडली. द्रावण तापलं, खदखदलं, दोन्ही तारांपाशी वायू निघाले. ते होते हायड्रोजन आणि ऑक्सिजन. फुटलं ते पाणीच, पोटॅश होतं तिथंच राहिलं. सुश्रुतापासून चालत आलेली अडचण आता विजेच्या प्रयोगातही आडवी आली होती.

मग पाणी पुरतं काढून टाकायचं असं त्यानं ठरवलं. प्लॅटिनमच्या चमच्यात कोरडं पोटॅश घेतलं, स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर ऑक्सिजनचा झोत मारून ते वितळवलं आणि त्यात वीज सोडली. तारेपाशी लखलखीत उजेड पडला, ज्योत उठली. तारा उलट्या जोडल्यावर वितळलेल्या पोटॅशमधून बुडबुडे वर येऊन पृष्ठभागावर पेटू लागले. काहीतरी तयार होत होतं आणि होताक्षणी जळून जात होतं. हाती मात्र काही लागेना.

तिसरी युक्ती या दोन्हींच्या मधली होती. पूर्ण कोरडं घन पोटॅश वीज वाहू देत नाही. त्याला अगदी किंचित ओल हवी. डेव्हीनं पोटॅशचा एक लहानसा तुकडा काही क्षण उघड्या हवेत ठेवला. पोटॅश हवेतली ओल मिठासारखं ओढून घेतं, तेवढ्यात त्याच्या अंगाला पाझर सुटला. तो तुकडा त्यानं प्लॅटिनमच्या चकतीवर ठेवला, चकती बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली आणि धन टोकाची तार वरून टेकवली. तुकडा दोन्हीकडून वितळू लागला. वरच्या बाजूला जोराचा बुडबुडाट झाला. खाली, चकतीला टेकलेल्या बाजूला, पाऱ्यासारखे चमकणारे बारीक बारीक मणी दिसू लागले. काही मणी तयार होताच फट्‌कन पेटून गेले, काही टिकले आणि बघता बघता त्यांच्यावर पांढुरकी साय धरली.

तारीख होती ६ ऑक्टोबर १८०७. पोटॅशचं कवच फोडून ते मणी बाहेर येताना आणि हवेत पेटताना बघून डेव्ही खोलीभर नाचत सुटला. त्याचा चुलतभाऊ एडमंड तेव्हा मदतनीस म्हणून शेजारीच उभा होता. पुन्हा प्रयोगाकडे वळण्याइतकं भान यायला डेव्हीला थोडा वेळ लागला, ही आठवण एडमंडकडून आलेली आहे. पुढच्या काही दिवसांतच सोड्यावर तोच प्रयोग करून त्यानं दुसरा धातू काढला. एकाला नाव दिलं पोटॅशियम, दुसऱ्याला सोडियम.

पाणी अजिबात नको, पण थोडं तर हवंच. त्या एका आठवड्याचं सगळं यश या पेचातून निसटण्यात आहे. पाठ्यपुस्तकं ‘डेव्हीने विद्युत अपघटनाने पोटॅशियम मिळवले’ असं एका वाक्यात उरकतात आणि नेमकी ही ओल पुसून टाकतात.

धातू हाती आल्यावर त्याचं पाण्याशी काय होतं, हे बघण्याचा मोह डेव्हीला आवरला नसणार. त्यानं पोटॅशियमचा मणी पाण्यावर टाकला. क्षणात स्फोट, जांभळट-तांबूस झाक असलेली ज्योत, वर पांढऱ्या धुराचं कडं, आणि खाली उरलेल्या पाण्यात निव्वळ पोटॅश. बर्फावर ठेवला तर मणी तिथंही पेटला आणि त्यानं बर्फात खोल भोक पाडलं. भोकात साठलेलं पाणी तपासलं तर तेही पोटॅशचंच.

आणि मग हळद. रसायनशास्त्रज्ञ खार ओळखायला तेव्हा हळदीत रंगवलेला कागद वापरत. आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही. हळदीत चुना पडला की ती लालभडक होते, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. डेव्हीनं असा पिवळा कागद ओलसर करून त्यावर पोटॅशियमचा मणी सोडला. मणी पेटला आणि ओल शोधत फिरावं तसा कागदावर सैरावैरा धावला. जिथून जिथून गेला तिथं त्याच्यामागे तांबडा-तपकिरी माग उमटला. धातू पुढे पळतोय आणि मागे खार सांडत चाललाय. राखेपासून धातूपर्यंतचा जो प्रवास करायला माणसाला हजारो वर्षं लागली, तो प्रवास उलट्या दिशेनं दोन-चार सेकंदांत त्या हळदीच्या कागदावर लिहिला गेला. रसायनाच्या इतिहासात याहून बोलकी प्रयोगाची वही मला तरी माहीत नाही.

१९ नोव्हेंबरला डेव्हीनं रॉयल सोसायटीपुढे हे सगळं वाचून दाखवलं आणि आठवड्याभरात तापानं अंथरूण धरलं. दुखणं जिवावरचं होतं. त्याच्या व्याख्यानांवर चालणाऱ्या संस्थेच्या तिजोरीलाही त्याची झळ लागली. नेपोलियनशी युद्ध भरात असताना फ्रान्सच्या विज्ञानसंस्थेनं विजेवरच्या त्याच्या आधीच्या कामासाठी ३,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं, तेही याच हिवाळ्यात.

सगळ्यांना हे पटलं असं मात्र नाही. धातू म्हणजे जड, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. पाण्यावर तरंगणाऱ्या, खोलीच्या उबेत मऊ पडणाऱ्या वस्तूला धातू म्हणायचं तरी कसं? पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक आणि थेनार यांनी बॅटरीविना, लालभडक तापवलेल्या लोखंडावरून पोटॅश नेऊन १८०८ मध्ये पोटॅशियम काढलं, तेही डेव्हीपेक्षा जास्त. पण त्यांचा कयास निराळा होता. पाण्यात टाकल्यावर हायड्रोजन निघतो ना? मग हा धातू म्हणजे पोटॅश आणि हायड्रोजन यांचं संयुगच असणार! आज हसू येतं, पण तर्क वावगा नव्हता. निघालेला वायू धातूतून आला की पाण्यातून, हे नुसतं बघून कळत नाही. तो पाण्यातून येतो, हे नक्की व्हायला आणखी तीनेक वर्षं गेली आणि अखेर फ्रेंचांनीही ते मान्य केलं. दरम्यान त्या धातूनं आपली किंमत वसूल केली होती. १८०८ मध्येच गे-ल्युसॅकच्या तोंडासमोर पोटॅशियमचा स्फोट झाला. महिनाभर त्याला जवळजवळ दिसत नव्हतं आणि नजर पुढेही पहिल्यासारखी झाली नाही.

घडतं ते असं. या धातूंच्या अणूत सगळ्यात बाहेर एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तोही सैल धरलेला. पाणी भेटताच तो सुटतो आणि पाण्याच्या रेणूतून हायड्रोजन मोकळा होतो. उरतं ते हायड्रॉक्साइड, म्हणजे सुश्रुताचा तीक्ष्ण क्षार. या व्यवहारात इतकी उष्णता निघते, की धातू वितळून त्याची गोळी होते. सोडियम ९८ अंशांना वितळतं, पोटॅशियम ६४ च्या आतच. गोळी वायूच्या गादीवर तरंगत, फिरत राहते. पोटॅशियमच्या बाबतीत हायड्रोजन लगेच पेट घेतो. याच कुटुंबातलं लिथियम शांतपणे बुडबुडत राहतं. रुबिडियम आणि सिझियम पाण्यावर तरंगायचीही वाट बघत नाहीत. कुटुंबात जसजसं खाली जावं तसतसा स्वभाव तापट.

राबाच्या राखेकडे विज्ञानाचं लक्ष जायला मात्र १९ व्या शतकाची अखेर उजाडावी लागली, आणि तेही भांडणातून. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर टहाळ्या तोडण्यावर बंधनं आली. ठाणे-कुलाब्यातल्या भातशेतकऱ्यांनी गाऱ्हाणी मांडली, तेव्हा १८८५ मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. जंगल खातं म्हणे, राब ही उधळपट्टी आहे. शेतकरी म्हणे, राबाशिवाय रोप धरत नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी १९१२ मध्ये राबावर एक सविस्तर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राखेनं काय होतं आणि धगीनं काय होतं, याचा उलगडा करण्याचा तो प्रयत्न होता. माती तापण्यालाही त्यात श्रेय मिळालं. मुळशीचा शेतकरी विस्तव वाऱ्याच्या उलट का लावतो आणि भडका का दाबतो, याचं उत्तर त्यात आहे. शेतकऱ्याचा अनुभव खोटा नव्हता, एवढं सरकारी कागदावर आलं हेही थोडं नव्हे.

राखेतल्या धातूचं भावंड एव्हाना कारखान्यात शिरलं होतं. १८८६ मध्ये अमेरिकन रसायनतज्ज्ञ कास्टनर यानं सोडियम स्वस्तात काढण्याची रीत शोधली. १९२४ पासून डाउन्सच्या घटात वितळलेल्या मिठातून थेट सोडियम निघू लागलं. जो मणी बघून डेव्ही नाचला, त्याचं भावंड आता टनांनी मिळू लागलं आणि टनांनीच त्याचा धाकही वाढला. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, अमेरिकी सरकारनं नको झालेलं सुमारे २०,००० पाउंड सोडियम वॉशिंग्टन राज्यातल्या लेनोर नावाच्या तळ्यात ढकलून दिलं. पिंपं कड्यावरून गडगडत खाली जातात, पाण्यावर आगीचे लोळ उठतात, याचं चित्रीकरणही आहे. तळं मुळातच खारट होतं, म्हणून हरकत नाही असा हिशेब. लोणारच्या काठावर उभं राहून कुणी असा हिशेब केला असता तर काय, असं मला दरवेळी वाटतं. स्कॉटलंडमध्ये डाउनरे इथल्या अणुकेंद्रानं आपला कचरा ६५ मीटर खोल विहिरीसारख्या कूपात टाकायचा प्रघात ठेवला होता. कूपात पाणी होतं. १९७७ च्या मे महिन्यात त्यात थोडं सोडियम-पोटॅशियम गेलं आणि स्फोटानं कूपावरचं काँक्रीटचं झाकण उडालं.

अणुकेंद्रात सोडियमचं काम काय? जलद प्रजनक अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा वेग कमी होऊन चालत नाही, म्हणून गाभा थंड ठेवायला पाणी वापरता येत नाही. सोडियम न्यूट्रॉनांना फारसं अडवत नाही, उष्णता झपाट्यानं वाहून नेतं आणि ९८ पासून ८८३ अंशांपर्यंत साध्या दाबाखाली द्रव राहतं. पण शेवटी वीज करायची तर वाफ हवी, आणि वाफ म्हणजे पाणी. म्हणून या दोन वैऱ्यांना एका भिंतीच्या दोन बाजूंना नांदवावं लागतं. भिंत म्हणजे पोलादी नळी, काही मिलिमीटर जाडीची. नळीत वाफ, बाहेर सोडियम. सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं तरी वाफेचा फवारा सोडियममध्ये घुसतो आणि तिथं उठलेली धग कटरसारखी शेजारच्या नळीला कापत सुटते. डाउनरेच्याच एका भट्टीत १९८७ मध्ये असं झालं आणि काही सेकंदांत ४० नळ्या फुटल्या.

भारतानं १९६९ मध्ये फ्रान्सशी करार करून कल्पाक्कमला अशी प्रायोगिक भट्टी बांधायला घेतली. नमुना फ्रेंचांच्या ‘राप्सोदी’चा. पण राप्सोदीत पाणीच नव्हतं. तिची उष्णता हवेत सोडून देत. आपल्या लोकांनी तिच्यात वाफेचं जनित्र आणि टर्बाइन जोडायचं ठरवलं, म्हणजे फ्रेंचांनी टाळलेली भेट मुद्दाम घडवून आणली. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर फ्रान्सनं ठरलेलं इंधन दिलं नाही. मग तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्लुटोनियम आणि युरेनियमच्या कार्बाइडचं इंधन बनवलं गेलं. अशा इंधनावर भट्टी चालवायचा अनुभव तेव्हा जगात कुठंही नव्हता. १८ ऑक्टोबर १९८५ ला भट्टी सुरू झाली. तिची वीज ग्रिडला पोचायला १९९७ उजाडलं आणि पूर्ण ४० मेगावॉट औष्णिक क्षमता गाठायला २०२२ चा मार्च. नळीला चीर पडली का हे कळावं म्हणून सोडियममध्ये हायड्रोजनचा मागमूस सतत तपासत राहतात. डेव्हीनं पाण्यावर टाकलेल्या मण्यातून जो वायू फसफसला, तोच इथं पहारेकऱ्याचं काम करतो.

इतकं सगळं होऊनही शाळेतला प्रयोग पूर्ण समजलेला नव्हता, हे २०१५ मध्ये उघड झालं. आमच्या वेळी केरोसिनच्या बरणीतून चिमट्यानं सोडियम काढून, टिपकागदावर पुसून, मुगाएवढा तुकडा चंचुपात्रात टाकत आणि सगळ्यांना चार पावलं मागे सरकवत. स्फोट का होतो? हायड्रोजन पेटतो म्हणून, हे ठरलेलं उत्तर. पण त्यात एक गोम होती. धातूभोवती वायू आणि वाफेचं आवरण तयार झालं, की पाणी धातूपासून दूर लोटलं जायला हवं आणि अभिक्रिया मंदावायला हवी. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, तसं. मग ती मंदावण्याऐवजी भडकते कशी?

प्रागमधल्या पावेल युंगविर्थ यांच्या गटातल्या फिलिप मेसन यांनी हे प्रयोग आधी बाल्कनीत सुरू केले. पुढे सोडियम-पोटॅशियमच्या द्रव मिश्रधातूचे थेंब पाण्यावर सोडून अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपले. थेंब पाण्याला टेकल्यापासून अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत त्याच्या अंगातून धातूचे काटे बाहेर फुटलेले दिसले, साळिंदराच्या पिसाऱ्यासारखे. ठिणगी अजून पडायची होती. गणित केल्यावर कळलं, की पृष्ठभागावरचे अणू काही पिकोसेकंदांत आपापला इलेक्ट्रॉन पाण्यात टाकतात. मागे उरतात नुसते धन आयन, एकमेकांना खेटून आणि एकमेकांना ढकलत. त्या ढकलाढकलीत थेंब चिंध्या होऊन पाण्यात फेकला जातो आणि नवा पृष्ठभाग पाण्याला भेटतो. हायड्रोजन पेटतो तो नंतर.

डेव्हीनं पाण्यावर टाकलेल्या मण्याचा जो स्फोट पाहिला, त्याचं कारण कळायला दोनशेहून जास्त वर्षं लागली. २०२१ मध्ये याच मंडळींनी बर्लिनमध्ये डाव उलटवला. पाण्यात धातू टाकण्याऐवजी निर्वातात लोंबणाऱ्या मिश्रधातूच्या थेंबावर पाण्याच्या वाफेचा अगदी पातळ थर बसवला. इलेक्ट्रॉन पाण्यात शिरले, पण स्फोट झाला नाही आणि काही सेकंद ते पाणी सोन्यासारखं पिवळं चमकलं.

हे वाचून कुणाला सोडियम मिळवायची इच्छा झाली तर ती तिथंच आवरावी. डोळ्यांची किंमत गे-ल्युसॅकनं मोजून ठेवली आहे. प्रयोग करायचाच तर चुलीतली किंवा शेकोटीतली मूठभर लाकडाची राख घ्या. पळसाची मिळाली तर उत्तमच. वाटीभर पाण्यात रात्रभर भिजवून वरचं पाणी फडक्यानं गाळून घ्या. कागदावर हळदीचा पातळ हात फिरवून वाळवा आणि त्यावर या पाण्याचा एक थेंब टाका. तो थेंब जिथं पसरेल तिथं कागद लाल होईल.